अबू बाळाजी

मथुराला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. सासू गंगूबाई चारचौघींत म्हणायची, "आमच्या सुनंच्या बुडाला काय टोचतंय कुणास ठावं. टेकली की उठली." काय टोचत होतं ते गंगूबाईला पक्कं ठाऊक होतं. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेली तरी घरात पाळणा हलला नव्हता. रिकाम्या बसलेल्या बाईकडं बायका बघतात, आणि बघितलं की विचारतात. राबत्या बाईला कोण विचारतंय? म्हणून मथुरा राबायची. खैरवाडी हे जत तालुक्यातलं, उघड्या माळावरचं शंभर उंबऱ्यांचं गाव. तिथं राबायला कधी कमी पडलं नाही.

नवरा गुंडू सुतार. स्लॅब टाकायच्या आधी खालून फळ्या-वासे ठोकतात, ते सेंट्रिंगचं काम त्याचं. सत्त्याहत्तर साली तो एजंटाच्या नादानं बहारीनला गेला. दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी यायचा, त्यातले पंधरा दिवस पै-पाव्हण्यांत जायचे. एवढ्यात सुनेची कूस कशी उजवायची, हा विचार गंगूबाईच्या डोक्यात कधी शिरला नाही. ती आपली पत्रात लिहवून घ्यायची, की अमक्या गावात अमक्याची पोरगी आहे, रंगानं उजळ आहे, तू काय ते ठरव.

एक्क्याऐंशी साली मथुराच उठली. तिची आत्या मिरजेला एका डॉक्टरांच्या घरी धुणंभांडी करायची. त्या डॉक्टरांची लेक शुभदा, नवऱ्याबरोबर बहारीनला होती. नवरा चंद्रशेखर बँकेत मोठ्या हुद्द्यावर. घर आणि दोन मुलं सांभाळायला त्यांना गावाकडची मराठी बाई हवी होती. आत्यानं मथुराचं नाव घातलं. लग्न झालेली बाई म्हटलं की सतरा कागद मागतात म्हणून एजंटानं पासपोर्ट माहेरच्या नावावर काढून टाकला. मथुरा सखाराम लोहार, लग्न झालेलं नाही. मथुरानं खाली सही ठोकली. सही तेवढी तिला यायची, वरचं वाचता येत नव्हतं.

तर असा समुद्र ओलांडून ती नवऱ्याच्या देशात पोचली आणि पुढं अडली. साहेबांचं घर बुदैयाच्या हमरस्त्याला, खजुराच्या वाड्यांना लागून. गुंडूच्या कंपनीचा मजुरांचा कॅम्प पार सनद गावाच्या अंगाला. मधे दहा-बारा मैल. मुंबईपासून इथवर विमानानं आलेल्या बाईला ते दहा-बारा मैल सरेनात.

कॅम्पात बाईमाणसाला मज्जाव. इकडं शुभदाबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मथुराबाई, त्यांना इथं घरी बोलवू नका हं. तुमचा व्हिसा साहेबांच्या नावावर, आणि त्यावर तुम्ही बिनलग्नाच्या. उद्या कुणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

मथुरा म्हणाली, "बरं बाई."

सुट्टी शुक्रवारची, भेटायचं तीन ते सात. मथुरा जिदहफ्सवरनं जाणाऱ्या बसनं मनामा शहरात उतरायची, गुंडू कंपनीच्या लॉरीतनं यायचा. आणि मग दोघं चालायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. शुक्रवारी सगळ्या कॅम्पांतले गडी बाजारात लोटलेले. त्या हजार मिशांत एक हिरवं लुगडं. बघणारे मान वळवून वळवून बघायचे. दुकानाच्या पायरीवर टेकावं, तर आतला माणूस हात हलवून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला निघा, करायचा. समुद्राकडं गेलं तर वारा बोलू देत नव्हता, आणि एकदा तिथं पोलिसानं हटकलं. चार तास चालून मथुरा घरी यायची तेव्हा तिच्या पावलांची पुरणपोळी झालेली असायची. नवऱ्याशी काय बोलली म्हणावं, तर रस्ता ओलांडायचा का थांबायचं, एवढंच.

शेवटी कॅम्पातला गणपत गुंडूला म्हणाला, "अरं, गावाच्या मधोमध एवढी जुनी बाग हाय, तिथं का मरत न्हाईस? शुक्कीरवारी निस्त्या गड्याला सोडत न्हाईत, जोडप्याला सोडत्यात."

बाग खरंच जुनी होती. चहूबाजूंनी आता बँका आणि दुकानं उठली होती, पण आत बापजाद्यांच्या काळातले खजूर उभे होते. मधे निळ्या फरशीचं चौकोनी टाकं. त्यात पूर्वी झऱ्याचं गोडं पाणी आपसूक यायचं म्हणे, आता झरा बसला होता आणि टँकरनं आणून ओतत होते. डाळिंबं होती, लालभडक बोगनवेल होती, आणि खजुराच्या सावलीत लाकडी बाक होते. मथुरानं कुंपणाच्या गजांतनं ते बाक बघितले. जन्मात पहिल्यांदा तिला बसावंसं वाटलं.

फाटकावर मुनीरा नावाची राखणदारीण बसायची. पन्नाशीची, अंगानं भरलेली, काळ्या बुरख्यात. शेजारी चहाचा थर्मास. शुक्रवारी कोण आत जाईल ते तिच्या हातात. मागं कुणी एक ड्रायव्हर कुणाच्या तरी मोलकरणीला बायको म्हणून आत घेऊन बसला होता, आणि नेमकी तिची मालकीण बागेत फिरायला आली. त्या बोंबाबोंबीत आधीच्या राखणदारणीची नोकरी गेली होती. म्हणून मुनीरानं आपली एक रीत बसवली होती. पोरंबाळं बरोबर असली की डोळे मिटून आत. नुसती गडी-बाई असली, की दोघांना लांब लांब उभं करायचं आणि एकेकाला दुसऱ्याचं नाव विचारायचं.

"इसका नाम?" तिनं गुंडूला विचारलं. हिंदी तिला बाजारापुरती यायची.

"मथुरा."

"बाप का नाम?"

"सखाराम."

"खलास. तुम उधर." मग मथुराकडं हनुवटी उडवली. "तुम्हारा मरद का नाम?"

मथुरानं पदर सारखा केला. "वो क्या, वहां खडा है."

"आदमी मैं देखती. नाम बोलो."

"सुतार है."

"काम नहीं. नाम."

"आमच्यात घेत न्हाईत," मथुरा मराठीतच म्हणाली आणि जमिनीकडं बघत राहिली.

घेत नाहीत म्हणजे नाहीतच. गावात ग्रामसेवक मतदारयादी घेऊन आला, तरी नवऱ्याचं नाव शेजारीण पुढं होऊन सांगायची, आणि त्या शेजारणीच्या नवऱ्याचं ही सांगायची. हळदीकुंकवात चार ओळी जुळवून घेतलेलं नाव वेगळं, ते कौतुकाचं. असं फाटकावर उभं राहून नुसतं नाव टाकणं म्हणजे माणसाच्या आयुष्यातले दिवस तोडून देणं. आणि मथुरानं हे डोळ्यांनी बघितलेलं होतं. तिची आई रत्नाबाई मिरजेच्या दवाखान्यात केसपेपर करताना बापाचं नाव बोलली, जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून. चौथ्या दिवशी बाप गेला. तो आधीपासूनच मरायला टेकलेला होता, हे मथुरालाही कळत होतं. तरी तिनं तोंड उघडलं नाही.

मुनीरानं स्टूल सरकवून वाट अडवली. "बीवी नहीं," ती म्हणाली. "यल्ला, पीछे लोग हैं."

बाहेर येऊन गुंडू तडकला. "नाव सांगायला तुझी जीभ झडत हुती?"

"तुमचीच काळजी म्हनून न्हाई घेतलं."

"माझी काळजी मी वाश्यावर उभं ऱ्हाऊन रोज करतूय. सांग की जाऊन. गुंडू म्हन आन मोकळी हो."

"न्हाई घ्यायची मी."

"मग पासपोर्ट आन."

"त्यात मी लोहाराची हाय. बिनलग्नाची."

"लग्नाचा कागूद?"

"लग्नाला गाव जेवलं हुतं, कागूद कशाला पायजे हुता? तुमी तरी आणलाय का?"

गुंडूकडंही नव्हता. मग दोघं कुंपणाला धरून चालायला लागली. बागेला बाहेरून पुरा वळसा घातला की मथुराची पाचशे चाळीस पावलं व्हायची. आत लोक सतरंज्या टाकून भात खात होते. असे चार शुक्रवार गेले. दर खेपेला मथुरा फाटकाशी जायची, मुनीरा म्हणायची "नाम?", आणि मथुरा परत फिरायची. चौथ्या खेपेला गुंडू म्हणाला, "पुढच्या शुक्कीरवारी मी येत न्हाई. पाय तुटायला रोजची नोकरी हाय मला." मथुरानं ऐकून घेतलं. पण गंगूबाईच्या पत्रातली ती उजळ पोरगी त्या दिवसापासून तिच्या पुढ्यात येऊन उभी राहायला लागली.

पाचव्या शुक्रवारी तो आला, पण तोंड फुगवून. फाटकावर त्यांच्या पुढं तिथलीच एक बाई दोन पोरं घेऊन उभी होती. मुनीरानं तिला "उम्म खलील" म्हणून हाक मारली. तिच्या मालकाची चौकशी केली ती "अबू खलील कुठं आहे" अशी. ती बाई म्हणाली, अबू खलील गाडी लावतोय. अबू म्हणजे बाप आणि उम्म म्हणजे आई, एवढं आतापर्यंत मथुराला कळायला लागलं होतं. तिचे कान टवकारले.

ती बाई आत गेल्यावर मथुरानं विचारलं, "तुम मरद का नाम नहीं लेती?"

"लोगों में? नहीं," मुनीरा म्हणाली. "मेरा मरद मर गया, बीस साल हुआ. आज भी मैं अबू हसन बोलती."

"हमारे में भी ऐसा ही है."

मुनीरानं तिच्याकडं नीट बघितलं. चार शुक्रवार ही बाई का मुकी होते, ते तिच्या ध्यानात आलं असावं. तिचा आवाज जरा उतरला. "पहले बोलना था. लड़का का नाम क्या है तेरा? अबू क्या?"

आपल्याकडंही असंच असतं. अमक्याचा बा, तमकीचा बाप. एवढी सोपी वाट होती, आणि ती सगळ्या जगाला मोकळी होती. मागं रांगेतली माणसं चुळबुळायला लागली. गुंडू लांब उभा राहून आभाळाकडं बघत होता.

"बाळाजी," मथुरा म्हणाली.

"अबू बाळाजी," मुनीरानं घोळवून बघितलं. मग गुंडूला हात केला. "अबू बाळाजी, यल्ला, अंदर."

टाक्याच्या कडेनं गुंडू तिच्या मागनं आत आला. मग म्हणाला, "कोन बाळाजी?"

"गप चला."

"अगं पर कोन?"

"कुनी न्हाई. बसा."

दोघं बाकावर बसली. वरनं खजुराची सावली, समोर पाणी. मथुरानं चपला काढल्या आणि पावलं गवतावर टेकवली. डब्यातनं आणलेली धपाटी गुंडूनं पाच खाल्ली. घरचं छप्पर, कॅम्पातला बंगाली आचारी, शुभदाबाईंच्या कपडे धुण्याच्या मशीनचा धाक, असं काय काय बोलून झालं. सात कधी वाजले कळलं नाही. बसमध्ये मात्र तिला उभं राहावंसं वाटत होतं, जागा असून.

पुढच्या शुक्रवारी मुनीरानं विचारलं, "बाळाजी कितना बड़ा?"

मथुरा काम करायची त्या घरातली धाकटी लीना सहा वर्षांची होती. "छे साल," मथुरा म्हणाली. सुटली असं वाटलं, पण सुटायचं कसलं? बिनपोराच्या घरात एकदा पोर आलं म्हटल्यावर ते वाढणारच. लीनाचे दात पडले, की पुढच्या शुक्रवारी फाटकावर बाळाजीचे पडायचे. लीनाला गोवर आला तेव्हा मुनीरानं बाळाजीसाठी दुवा मागितली. लीना भाजी ताटाखाली लपवायची, तशी बाळाजीही लपवायला लागला. कुणाकडं ठेवलाय विचारल्यावर मथुरानं "सास के पास" म्हणून टाकलं. मुनीरा म्हणाली, "सास अच्छी है तेरी." त्यावर मथुराला हसावं का काय करावं कळेना.

पहिल्यांदा गुंडू चिडायचा. मग चिडायचा थांबला. आणि मग एका शुक्रवारी, मथुरा मागं चपलेचा अंगठा सारखा करत होती तोवर, त्यानंच मुनीराला सांगितलेलं तिनं ऐकलं, की बाळाजीला शाळेत घातलाय, पाढे वीसापर्यंत पाठ आहेत.

बाकावर बसल्यावर मथुरा म्हणाली, "तुमाला कुनी सांगितलं बोलायला?"

"त्यात काय झालं? वीसापतोर येत असतील की."

"कुनाला?"

गुंडूनं डबा उघडला. मग म्हणाला, "त्याला सुतारकीत न्हाई घालायचा. हितं इलेक्ट्रिशनला लई भाव हाय."

मथुरा ताडकन उठली आणि टाक्याला एक फेरा मारून आली. त्या दिवसापासून तिचं बसणं बिघडलं. गुंडू बाकावर पाय लांब करून बाळाजीचं बोलायचा, आणि ती मधेच उठून डाळिंब बघून यायची, नळावर हात धुवून यायची. सावली तीच होती, पाणी तेच होतं. पण दर शुक्रवारी फाटकावर काहीतरी नवं बोलून आत यायचं, आणि आत आल्यावर नवऱ्याचा फुललेला चेहरा बघायचा. अकरा वर्षांत तो कधी एक शब्द बोलला नव्हता. त्याला पोराची एवढी भूक आहे हे मथुराला खैरवाडीत कळलं नाही, ते इथं बाकावर कळलं. मग रात्रंदिवस तिला वाटायचं, की ह्या नसलेल्या पोरानं एक दिवस ह्याला त्या उजळ पोरीकडं घेऊन जायचं.

ईद आठवड्यावर आली. त्या शुक्रवारी मुनीरा स्टुलावरनं उठून उभी राहिली. तिनं पिशवीतनं पांढरा सदरा काढला. घोट्यापर्यंत येईल असा लांब, सहा-सात वर्षांच्या पोराच्या मापाचा. गळ्याला बारीक टाके घातलेले, हाताचे.

"बाळाजी के लिए," ती म्हणाली. "हसन का बेटे का भी सिया, ये साथ में सिया. तू गांव भेजना."

गुंडूनं दोन्ही हातांनी सदरा घेतला. त्यानं तो आपल्या मांडीशी लावून बघितला, उंची कुठवर येते ती. मथुरा ते बघत होती. सुताराचे ते राठ हात कापडाला लागू नयेत म्हणून त्यानं बोटं उचलून धरली होती.

मथुरानं सदरा त्याच्या हातातनं काढून घेतला. त्याची घडी घातली आणि मुनीराच्या पुढं धरली.

"बाळाजी नहीं है," ती म्हणाली.

मुनीराला कळलं नाही.

"कभी नहीं था. मुझे बच्चा नहीं है. बैठने को जगा नहीं थी, इसलिए झूठ बोला."

गुंडू म्हणाला, "मथुरा, गप."

मुनीरानं सदरा घेतला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तो पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद ओढला, स्टूल वाटेत आडवं घेतलं आणि त्यावर बसली. "मैं उसके लिए दुवा किया," ती म्हणाली. "बुखार आया तब."

"हां."

"फिर ये आदमी कौन?"

"मरद."

"नाम?"

मथुरानं तोंड उघडलं. मुनीरानंच हात वर केला. "मत बोल. आज तू कोई भी नाम बोलेगी. मेरी नौकरी जाएगी. यल्ला."

दोघं कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत आली. मग गुंडू म्हणाला, "एक सदरा घिऊन गप बसली असतीस तर काय झालं असतं?"

"आन पुढल्या ईदला? मोठा सदरा? पोरगं वाढतंय न्हवं."

"मला बरं वाटत हुतं."

"ते दिसत हुतं म्हनूनच दिला परत."

गुंडूनं तिच्याकडं बघितलं, आणि सरळ लॉरीच्या थांब्याकडं चालता झाला. पाच वाजले होते. पुढच्या शुक्रवारी येतो, येत नाही, काहीच म्हणाला नाही.

तो आठवडा मथुरानं कसा काढला ते बुदैयाच्या घरातल्या भांड्यांना ठाऊक. घासलेली भांडी तिनं पुन्हा घासली. लीना म्हणाली, "बाई, व्हाय डोंट यू सिट?" मथुराला इंग्रजी येत नव्हतं, पण एवढं कळलं. ती म्हणाली, "तू बस, तुझं वय हाय बसायचं."

सोमवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मथुरानं मोरीतला नळ पुरा सोडला, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "गुंडू." पाण्याच्या आवाजात तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही. तिला आतून राग येत होता. नसलेल्या पोराचं नाव तीन महिने जिभेवर नाचवलं, आणि असलेल्या माणसाचं घ्यायला नळ सोडावा लागतोय. तिनं नळ बंद केला आणि पुन्हा म्हणाली, "गुंडू सुतार."

म्हणाली खरी, पण आता तो वाश्यांवर उभा असणार. चार मजले वर. सोमवार गेला, मंगळवार गेला. सनदच्या कॅम्पातनं काही कळायला मार्ग नव्हता. साहेबांचा फोन वाजला की तिच्या हातातलं भांडं थांबायचं. बुधवारी तिनं ठरवलं की पुन्हा कधी घ्यायचं नाही, आणि तेच ठरवता ठरवता संध्याकाळी पिठाचे हात घेऊन आणखी एकदा घेतलं. गुरुवारी मात्र तोंड शिवून राहिली.

शुक्रवारी ती पावणेतीनलाच मनामाला उतरली. तीन वाजून गेले, साडेतीन झाले. लॉऱ्या येत होत्या, गडी उतरत होते. मथुरा थांब्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होती. चारला एका लॉरीतनं गुंडू उतरला. डाव्या अंगठ्याला ही एवढी पट्टी.

मथुरानं पट्टीकडं बोट केलं. "कवा लागलं?"

"काय न्हाई, हातुडा बसला."

"कवा, ते सांगा."

"बेस्तरवारी. काल की."

गुरुवारी तिनं नाव घेतलेलं नव्हतं. तिनं पुन्हा आठवून बघितलं. सोमवारी दोनदा, बुधवारी एकदा, गुरुवारी नाही. तिचा जीव भांड्यात पडला. "मग तुमच्याच गाढवपनानं लागला," ती म्हणाली. "चला."

"कुठं?"

"बागंत."

"ती सोडतीया व्हय आता?"

मथुरा पुढं चालायलाच लागली होती. फाटकावर रांग होती. तिचा नंबर आला तेव्हा मुनीरानं तिच्याकडं बघितलं नाही, थर्मासचं झाकण लावत बसली.

"गुंडू," मथुरा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गुंडू भाऊ सुतार. गांव खैरवाडी."

मागं गुंडूचा पाय जागच्या जागी थांबला. अकरा वर्षांत त्यानं बायकोच्या तोंडून आपलं नाव असं कोरडं ऐकलं नव्हतं. कानाच्या पाळ्या त्याच्या लाल झाल्या.

मुनीरा म्हणाली, "आगे."

आगे म्हणजे रांगेतल्या पुढच्या माणसानं यायचं. मथुरा बाजूला झाली. दोघांनी बाहेरून बागेला तीन वळसे घातले. तिसऱ्या वळशात गुंडू म्हणाला, "आईचं पत्र आलंय. ती पोरगी बघायला बोलवलंय मला."

"मग?"

"लिवायला सांगितलंय गणपतला."

"काय लिवायला सांगितलंय?"

"की मला रजा न्हाई." थोडं चालून तो म्हणाला, "पुढल्या सालीबी न्हाई म्हनून."

कोपरा आला. वळताना पहिल्यांदा मथुरा पुढं न जाता त्याच्या बरोबरीनं वळली.

पुढच्या शुक्रवारी तिनं पुन्हा फाटकावर जाऊन नाव घेतलं. मुनीरा पुन्हा "आगे" म्हणाली. तरी तिची मान मथुराकडं जराशी वळली, तेवढं मथुरानं टिपलं. थांब्याकडं परतताना गुंडूला शिंका येत होत्या. आठवडाभर मथुरा त्या शिंकांवरच घुटमळत राहिली.

तिसऱ्या शुक्रवारी गुंडू आला तो नाक पुसत, गळ्याला मफलर गुंडाळून. मथुरा दाणदाण पावलं टाकत फाटकावर गेली.

"गुंडू भाऊ सुतार."

मुनीरानं मान वर केली. "वही नाम?"

"वही."

"अगले जुम्मे को दूसरा तो नहीं?"

"दूसरा कहां से लाऊं? एकच हाय."

तेवढ्यात गुंडूला खोकल्याची उबळ आली. गजाला धरून तो वाकला. मुनीरानं विचारलं, "इसको क्या हुआ?"

"तुम्हारे फाटक पे नाम ले-लेके हुआ," मथुरा म्हणाली. "तीन बार लिया. अब मर गया तो तुम देखना."

मुनीरानं गुंडूला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. रुंद छाती, पट्टी बांधलेला अंगठा, लाल झालेलं नाक.

"ये नहीं मरता," ती म्हणाली, आणि स्टूल उचलून वाटेतनं बाजूला ठेवलं. "अब से नाम मत बोल. चेहरा पहचानती मैं. यल्ला, जल्दी, पीछे लोग हैं."

मथुरा आत शिरली. तिनं एकदाही मागं बघितलं नाही. गुंडू खोकत खोकत तिला गाठायला बघत होता.